दाजी, तुमचा कावळा मी हाकलला

दाजी,

रक्षाविसर्जनाच्या दिवशी तुमचा कावळा मी हाकलला. कावळा म्हणजे तुम्हीच, असं सगळे म्हणतात, तेव्हा हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. हुपरीपासून शिरोलीपर्यंत ज्या ज्या पावण्यांकडे आपलं जाणं-येणं आहे, तिथं सध्या चहाबरोबर हाच विषय चघळला जातोय. "राग धरावा मानसानं, पर मेलेल्याच्या पानावरनं कावळा हाकलावा?" असं माझ्या चुलत्यांनी माझ्या तोंडावर विचारलं. चुलत्यांचं काय, ते कशावरही बोलतात. पण आक्का माझ्याशी बोलेनाशी झाली. माझी थोरली बहीण, तुमची बायको. मी सूड म्हणून तो कावळा हाकलला असं तिलाही वाटत असेल, तर मला ते सोसणार नव्हतं.

तुमच्या रविवारच्या मासे धरणाऱ्या टोळक्याला याच्याशी काही देणंघेणं नाही. त्यांनी मला तुमच्यावर दोन पानं लिहायला सांगितलीत. दाजींनी कोल्हापुरात गरिबाघरच्या पोरांना फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसांच्या खोट्या माशीवर मासे धरणं, कसं शिकवलं, असा विषयही देऊन ठेवलाय. शोकसभेत वाचायचं आहे. ती पानं मी लिहून देईन आणि मेलेल्या माणसाबद्दल लिहितात तशी गोड लिहीन. हे पान मात्र तुमचं आहे. तुम्हाला गोड कधी आवडलं नाही आणि मला तुमच्याबद्दल गोड लिहायला अजून जमत नाही.

तुमचं ते मोटर रिवायंडिंगचं दुकान आठवतंय. तांब्याच्या तारांची भेंडोळी, वॉर्निशचा वास, आणि मधोमध मोबाइलवर परदेशातल्या कुठल्या तरी गोऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ बघत बसलेले तुम्ही. मी शिरोलीत टर्नर. आठवडाभर लेथवर उभं राहून रविवारी आक्काला भेटायला यायचो आणि तुमच्या तावडीत सापडायचो. "पावणं, रविवारी काय करतासा? झोपतासा. झोपायला मेल्यावर येळ हाय की." असं म्हणून तुम्ही मला कळंब्याच्या तलावाकाठी नेलंत. हातात काठी दिलीत, काठीला दोरी होती, पण दोरीला गळ नव्हता. त्या जागी लोकरीचा लाल गोंडा होता.

मग माझ्या काखेत तुम्ही कच्चं अंडं ठेवलंत. कोपर अंगापासून सुटलं की दोरी वाकडी पडते, म्हणून. इतर कुणी असता तर वर्तमानपत्राची घडी ठेवली असती. तुम्हाला अंडंच सुचलं. काठी मागे नेली आणि अंडं फुटून बनियनमधून कमरेपर्यंत ओघळलं. तुम्ही पोट धरून हसलात आणि तलावाकाठी फिरायला आलेल्या बायामाणसांना बोलावून दाखवलंत, "बघा की, आमच्या पावण्यांनी अंडं घातलं." दुसरं अंडं काढलंत. ते फुटलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी माझी दोरी हवेत सरळ उलगडली, पाण्यावर आवाज न करता पडली, आणि मला माझ्याच हाताचं नवल वाटलं. लेथवर इतकी वर्षं काढूनही स्वतःच्या हाताचं असं कधी वाटलं नव्हतं. ते तुमच्यामुळे वाटलं, हे मी नाकारत नाही.

तुमचं अर्थशास्त्र सगळ्या टोळक्याला पाठ आहे. साध्या मासेमारीत शिशाचं वजन उडतं आणि दोरी त्याच्या मागे जाते. इथं गळाला वजनच नाही, तो पिसाचा. वजन दोरीला, दोरीच गळाला घेऊन जाते. म्हणून पैसा घालायचा तो दोरीत. काठी चिनी चालते, जुनी चालते, जोडलेली चालते. रीळ म्हणजे दोरी ठेवायचं डबडं, त्यात पैसा घालणारा माणूस तुमच्या लेखी मूर्ख. मी भंगारातल्या अॅल्युमिनियमचं रीळ तुमच्यासाठी कातून आणलं, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात, फोरमनची नजर चुकवून. तुम्ही ते हातात घेऊन तोललंत आणि म्हणालात, "रीळ न्हाय हे, वरवंटा हाय." शेवटपर्यंत मासे मात्र त्याच रिळावर मारलेत. दुसरं कधी घेतलं नाहीत, पण छान झालंय असं एकदाही म्हणाला नाहीत.

दोरीच्या पुढचं तंगूस, ती दिसेल न दिसेल अशी नायलॉनची तार, तुम्ही तीन जाडीचं गाठी मारून जोडायचात. ते कापायला बायकांच्या पर्समधलं नेलकटर, गळ्यात दोरीला बांधलेलं. पिसं चिकनवाल्याकडची फुकट. तो बिचारा कोंबड्याची मान बाजूला ठेवून मला म्हणायचा, "तुमच्या दाजींचं कायतरी वेगळंच बघा. लोकं कोंबडी न्हेत्यात, ह्यो मानूस पिसं न्हेतोय." माशीच्या अंगाला गुंडाळायला दुकानातली बारीक तांब्याची तार. आणि या सगळ्याची माशी बांधायची कुणी? आक्कानं.

आम्ही हुपरीचे, चांदीकामाच्या गावचे. आक्का लहानपणापासून घरात बसून पैंजणाला घुंगरू लावायची. डोळ्यांना दिसणार नाही अशी कडी तिची बोटं न बघता जोडायची. तुम्ही तिच्यापुढं गळ, पीस आणि तार ठेवलीत, एकदा व्हिडिओ दाखवलात, आणि तिनं तुमच्या गोऱ्या म्हाताऱ्यापेक्षा नेटकी माशी बांधून दिली. तांबडं पीस, तांब्याचं अंग. पाण्यात टाकली की चिलापी मासळी तुटून पडायची. नवीन आलेल्या प्रत्येक पोराला तुम्ही तिच्या माश्या मूठभर द्यायचात, फुकट. अर्ध्या टोळक्यानं पहिला मासा आक्काच्या माशीवर धरलाय. तुम्ही दिलदार होतात, दाजी. दुसऱ्याच्या बोटांच्या जिवावर होतात, पण होतात.

आणि मग तो दिवस. नवी पोरं घरी आलेली, आक्का खिडकीशी बसून माशी बांधत होती. कुणीतरी कौतुकानं विचारलं, "वहिनी, तुम्हीच बांधता व्हय ह्या?" तुम्ही आक्काला बोलूच दिलं नाहीत. "बांधू दे की. हिच्या पोटी कायबी जन्माला आलं न्हाय. माश्या तेवढ्या जन्माला घालती." पोरांनी माना चहात घातल्या. आक्काच्या हातातला दोरा तुटला. तुम्ही एक एक चेहरा नीट बघून घेतलात, मग हसलात आणि म्हणालात, "चेष्टा केली रं, सोडा."

तुमचा सगळा खेळ तोच होता. नदीवर तसाच आणि घरी तसाच. मासा लागला की त्याला मनसोक्त पळवायचा, दमवायचा, बाहेर काढून फोटो घ्यायचा, तोंडातला गळ उपटायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. वर म्हणायचं, आपण मारत नाही. मी गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकायचो, म्हणजे माशाचं तोंड फाटत नाही. तुम्ही कधी दाबला नाहीत. "काटा दाबला की मासा सुटतो. सुटायचं का न्हाय ते आपण ठरवायचं, माशानं न्हाय." यावरून आपली दर रविवारी जुंपायची. त्या माश्यांच्या प्रकरणानंतर मी तुमच्याशी रस्त्यात भांडलो, तिचं दुखणं चारचौघांत काढायचं तुम्हाला काय नडलं होतं म्हणून. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "चिडलासा म्हंजे लागलं. लागलं म्हंजे गळ चांगला हाय." हे वाक्य मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही मेलात म्हणून करेन असंही वाटत नाही.

आपलं बोलणं मात्र त्यावरून तुटलं नाही. ते तुटलं एका माशावरून, मरळीवरून. याची मला लाज वाटायला हवी, पण ते बाजूला राहू दे. भोगावती नदीच्या त्या डोहात मी बोकडाच्या केसांची फुगीर माशी टाकली आणि पाणी फुटलं. तुम्हीही तेवढी मोठी मरळ कधी बघितली नव्हतीत. काठी हातात कमान होऊन थरथरत होती, मी काठावर गुडघाभर चिखलात, आणि तुम्ही शेजारी जाळी घेऊन. मरळ दमली, आडवी झाली, हाताच्या अंतरावर आली. तिचे डोळे दिसले मला. तुम्ही गळ्यातलं नेलकटर पुढं केलंत आणि तंगूस कापलंत. कुट्ट एवढाच आवाज. मरळ क्षणभर तिथंच राहिली, मग खाली गेली. माझी माशी तिच्या जबड्यात, काटा दाबलेला होता हे तिचं नशीब. तुम्ही म्हणालात, "सोडायचीच हुती न्हवं? मग आधीच सोडली." आणि माझा चेहरा बघत उभे राहिलात. मी काठी मोडली असती, पण ती तुमची होती. ती मी चिखलात टाकली आणि एस्टीनं घरी आलो.

त्यानंतर वर्षभराहून जास्त आपण बोललो नाही. सगळ्या पावण्यांना ते ठाऊक होतं, कारण तुम्हीच ते सगळीकडे रंगवून सांगितलं होतं. मी स्वतःची काठी घेतली, स्वस्तातली, तुमच्या नियमानं. रविवारी तुम्ही ज्या काठावर असाल त्याच्या समोरच्या काठावर जायला लागलो. तुम्ही मला बघायचात, मी तुम्हाला. एकदा वारा पडलेला होता, मी दोरी टाकत होतो, आणि नदीपलीकडून तुमचा आवाज आला, "कोपर!" बस, एवढंच. मी कोपर आत घेतलं. दोरी सरळ गेली. मी तुमच्याकडे बघितलं नाही आणि तुम्ही पुन्हा ओरडला नाहीत. दाजी, आपल्यातलं शेवटचं बोलणं ते. मला वाटत होतं, एखाद्या रविवारी तुम्ही पूल ओलांडून याल आणि त्या मरळीबद्दल काहीतरी बोलाल. माफी नको होती. "चुकलं" एवढ्यावर भागलं असतं, "लई मोठी हुती की" म्हणाला असता तरी चाललं असतं. तुम्ही दुकानात छाती चोळत गॅस झालाय म्हणत बसलात, डॉक्टरकडे जायचा खर्च वाचवलात, आणि पूल राहूनच गेला.

आता स्मशानातलं. पंचगंगेच्या काठावर रक्षा गोळा करून झाली, पान मांडलं. ज्याला जे आवडतं ते पानावर ठेवायची आपल्याकडची रीत. भात, दही, कांद्याची भजी, तुमची तंबाखूची पुडी, कुणी मिसळ आणली होती. कावळे भिंतीवर बसून होते, पण एकही उतरेना. उन्हं वर आली. मग एकेकजण हात जोडून तुम्हाला शब्द द्यायला लागला. पुतण्या म्हणाला, दुकान चालवतो. माझे चुलते म्हणाले, पोरीला अंतर देत न्हाय. टोळक्यातलं एक पोर म्हणालं, तुमच्या नावानं नवीन पोरांना काठ्या देतो. कावळे ढिम्म. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बोलावं, मिटवावं, म्हणजे तुम्ही सुटाल. मी बोलणारही होतो, खोटं कशाला सांगू. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात एक कावळा उतरला. भात सोडून, दही सोडून, सरळ भजीपाशी गेला.

भजीतून तांबड्या पिसाचं टोक बाहेर आलेलं मला दिसलं. आक्काच्या माशीचं. तुमच्या माश्यांच्या डबीतली, म्हणजे काटा न दाबलेली. कावळ्यानं चोच घातली असती तर गळ घशात बसला असता आणि तुमच्या रक्षेशेजारी तो फडफडत मेला असता, सगळ्यांच्या देखत. मी विचार केला नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून ओरडत धावलो. कावळे सगळेच उडाले. मी ती भजी उचलून पॅंटच्या खिशात घातली. वळून बघितलं तर सगळी माणसं तोंड वासून माझ्याकडे बघत होती आणि आक्काच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं, भजीत गळ होता म्हणून. पण पान आक्कानं वाढलेलं होतं. मला वाटलं, नवरा गेलेली बाई, कुणीतरी म्हटलं आवडीचं ठेव, हिनं दुःखाच्या भरात माशी पानावर ठेवली आणि ती भजीत गेली. हे चारचौघांत उघडं पडलं तर लोक तिला वेडी म्हणतील. म्हणून गप्प राहिलो. चुलते माझ्या अंगावर आले. कुणी म्हणालं, ह्येला हितनं घालवा. कावळा पुन्हा उतरलाच नाही, शेवटी पान गाईला घातलं. मी घाट चढताना गळ खिशातून मांडीत घुसला. तिथं रक्त आलं, पण लंगडायचीही सोय नव्हती.

दिवसकार्य उरकल्यावर, घरातली गर्दी ओसरल्यावर मी आक्काकडे गेलो. ती खिडकीशी बसली होती. मी तिच्यापुढं रुमाल उलगडला, त्यात ती माशी.

"आक्का, ही भजीत हुती. कावळ्याच्या घशात गेली असती, म्हणून हाकलला. दुसरं काय न्हवतं माझ्या मनात."

तिनं माशीकडे बघितलं. "म्हाईत हाय," म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"मीच खुपसली की."

मला वाटलं तिला बोलणं कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं की भजीत गळ होता, काटा उभा होता. तिनं शांतपणे मान हलवली. "काटा बघूनच घेतला. दाबलेली हुती ती बाजूला ठेवली. भजीला भोक पाडून आत सारली, पीस तेवढं आत जाईना." बाजारातली भाजी कशी निवडली हे सांगावं, तशी सांगत होती. मग पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "तू कशाला मधी पडलास?"

मी म्हटलं, "आक्का, लोकं म्हणत्यात कावळ्यात त्येच येत्यात."

"म्हणून तर घातली."

"आन् गिळली असती तर?"

"मग काय. काढली असती आन् सोडून दिला असता. तेनी न्हाय व्हय मासं सोडायचं? फोटू काढून?"

दाजी, त्या घरात तुमच्या जिभेला इतकी वर्षं मीही घाबरलो, पोरं घाबरली, गिऱ्हाइकं घाबरली. आक्का कधी काही बोलली नाही, म्हणून आम्हाला वाटलं तिला सवय झाली. ती खिडकीशी बसून तुमच्यासाठी गळाला पिसं बांधत होती. तुमच्यावर मी वर्षभर चिडून होतो, अजूनही आहे, पण तिच्यासमोर बसल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला तुमची कीव आली. आणि घाईघाईनं का होईना, मी तो टॉवेल फिरवला ते बरं झालं असंही वाटलं. त्या क्षणी मला तो कावळा म्हणजे तुम्हीच वाटला होतात. तुम्हाला लागू नये म्हणूनच मी धावलो, हे आक्काला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

निघताना मी तिला विचारलं, "पावण्यांना काय सांगू? समदी मला शिव्या घालत्यात."

ती माशी उचलून डबीत ठेवत म्हणाली, "तुझं नाव खराब झालंच हाय की. ऱ्हाऊ दे तसंच."

तर दाजी, राहू देतोय. शोकसभेत मी दोन पानं वाचेन, लोक मान डोलावतील आणि मागच्या रांगेत कुणीतरी कावळ्याचं कुजबुजेल. मी तेही ऐकून घेईन. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येईना, आणि तुमच्याशिवाय सांगण्यासारखं कुणी उरलं नाही. तुमच्या पोटात कधी काही राहिलं नाही. आता राहील.